जीबीएसमधून उठलेल्या शिष्याला तबल्यावर कधी बसवावं?

प्रश्न नाशिकच्या पंचवटीतल्या एका तबला शिक्षकांचा आहे. थोडक्यात असा: त्यांचा १९ वर्षांचा शिष्य. जुलैअखेरीस त्याला जुलाब झाले, दहा-बारा दिवसांनी पायांतलं बळ गेलं, मग हातांतलं. गुलेन बॅरी सिंड्रोम, म्हणजे जीबीएस, असं निदान झालं. पाच दिवस इम्युनोग्लोब्युलिन हे प्रतिपिंडांचं औषध दिलं, दोन आठवडे व्हेंटिलेटरवर होता. आता ऑक्टोबर लागलाय. वॉकर सुटला आहे, ग्लास धरतो, पण शर्टाची बटणं लागत नाहीत. रोज संध्याकाळी क्लासला येऊन बसतो आणि इतरांचे हात बघत राहतो. एकदा हट्टानं बसला, तर ‘ना’ हा साधा बोल वाजेना, दहा मिनिटांत बोटं थरथरायला लागली. घरचे म्हणतात, हात चालवला की ताकद येईल, बसवा त्याला. गुरुजी विचारतात: बसवू का? पूर्वीसारखा हात येईल का? आणि विशारद परीक्षेचा फॉर्म भरू का?

गुरुजी, नमस्कार. मज्जातंतूंच्या आजारानंतरच्या फिजिओथेरपीचं काम मी नाशिकमध्ये बरीच वर्षं करते आहे. तबलाही मध्यमापर्यंत शिकले, त्यामुळे तुमच्याशी बोलांच्या भाषेत बोलता येईल. त्याला तपासणारे डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट जे सांगतील ते माझ्या सांगण्याच्या वर धरा. पण तुमच्या पहिल्या प्रश्नाला स्पष्ट उत्तर देते: त्याला आजपासून शिकवा, फक्त वाजवायला एवढ्यात बसवू नका. रियाज जितका जास्त तितका हात लवकर तयार, हे निरोगी हातासाठी खरं आहे. या हातासाठी ते घातक ठरू शकतं. का, ते जरा सविस्तर सांगते, कारण कारण कळलं तर घरच्यांना समजावणं तुम्हाला सोपं जाईल. तुमचा शब्द ते माझ्यापेक्षा जास्त मानतील.

जीबीएसमध्ये स्नायू आजारी पडत नाहीत. पोटात किंवा घशात एखादा जंतुसंसर्ग होतो, शरीर त्याच्याशी लढायला प्रतिपिंडं बनवतं, आणि ती चुकून स्वतःच्याच मज्जातंतूंवर तुटून पडतात. जुलाबांनंतरच्या जीबीएसमागे बहुतेक वेळा कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी नावाचा जिवाणू असतो. दूषित पाण्यातून आणि नीट न शिजलेल्या चिकनमधून तो पोटात जातो. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात जी साथ आली होती, तिच्यातही रुग्णांच्या नमुन्यांमध्ये हा जिवाणू सापडला होता. एरवी हा आजार वर्षाला लाखात एखाद-दोन जणांनाच होतो. तो घरातल्या कुणाच्या हलगर्जीपणामुळे होत नाही, आणि एकाकडून दुसऱ्याला लागतही नाही. क्लासमधल्या बाकीच्या मुलांच्या पालकांना हे जरूर सांगा. त्याच्या शेजारी बसायला कुणी कचरायला नको.

आता हाताकडे येते. मज्जातंतू वायरसारखा असतो. आत तार, वर आवरण. काही रुग्णांमध्ये फक्त आवरण सोललं जातं, काहींमध्ये आतली तारही तुटते. आवरण काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत पुन्हा चढतं. तार मात्र दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीनं वाढते, आणि ती गती कुठल्याही औषधानं, तेलानं किंवा रियाजानं वाढत नाही. कोपरापासून पंज्यातल्या लहान स्नायूंपर्यंतचं अंतर २५-३० सेंटिमीटर धरलं, तर नुसतं तिथवर पोहोचायलाच ८ ते १० महिने लागतात. पुढे त्या स्नायूत पुन्हा बळ यायचं ते वेगळंच. त्यातही एक आशेची बाजू आहे. तारेवर हल्ला झालेल्या काही रुग्णांमध्ये तार तुटलेली नसते, तिच्यातून संदेश जाणं तेवढं थांबलेलं असतं. अशी मुलं अपेक्षेपेक्षा फार लवकर उठतात.

म्हणून पहिलं काम, त्याचा नर्व्ह कंडक्शनचा, म्हणजे मज्जातंतूंतून संदेश कसा जातो ते मोजणाऱ्या चाचणीचा, रिपोर्ट फाइलमधून काढायला सांगा आणि न्यूरोलॉजिस्टना एकच प्रश्न विचारायला सांगा: इजा आवरणाची आहे की तारेची? आजाराच्या पहिल्या आठवड्यात केलेल्या चाचणीवर हे नेहमी ठरवता येत नाही, त्यामुळे ते ती पुन्हा करायला सांगतील. या एका उत्तरावर तुमचं पुढच्या वर्षभराचं शिकवण्याचं वेळापत्रक अवलंबून आहे.

पूर्वीसारखा हात येईल का? आकडे सांगते. जीबीएस झालेल्यांपैकी सुमारे ८० टक्के लोक सहा महिन्यांत आधाराशिवाय चालू लागतात. तुमच्या शिष्याचं वय त्याच्या बाजूनं आहे, आणि तिसऱ्या महिन्यातच वॉकर सुटला हेही चांगलं लक्षण आहे. सुरुवात जुलाबांनी झाली आणि व्हेंटिलेटर लागला, या दोन गोष्टी सुधारणा हळू होण्याकडे झुकतात. पण चालणं आणि तबल्यावर तिरकिट वाजवणं यांत फार अंतर आहे. डॉक्टरांच्या मोजपट्टीवर ‘बरा झाला’ म्हणजे चालतो, जेवतो, लिहितो. तुमच्या मोजपट्टीवर बरा झाला म्हणजे द्रुत लयीत रेला स्वच्छ निघतो. त्या शेवटच्या टप्प्याचं आश्वासन आज कुणीही देऊ शकत नाही, आणि जो देतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका. मात्र सुधारणा पहिल्या वर्षात सर्वांत वेगानं होते, आणि त्यानंतरही दोन-तीन वर्षं थोडी थोडी होत राहते, हे नक्की. आज बंद पडलेलं बोट कायमचं बंद आहे, असं मानायचं काहीच कारण नाही.

आता हट्टानं बसल्यावर काय झालं ते बघू. ‘ना’ वाजवताना तर्जनी चाटेवर, म्हणजे पुडीच्या कडेवर, आघात करते, पण त्याची आस, म्हणजे घुमत राहणारा नाद, ज्या बोटामुळे निघते ते बोट अनामिका आहे. ती शाईच्या, म्हणजे मधल्या काळ्या गोलाच्या, कडेला हलकी टेकलेली, न दाबता, न उचलता धरावी लागते. हे धरण्याचं काम पंज्यातल्या अगदी लहान स्नायूंचं असतं, आणि या आजारात ताकद खांद्याकडून बोटांकडे येते. बोटांची टोकं सर्वांत शेवटी. म्हणजे त्याच्या हातात आज जे सर्वांत कमी आहे, तेच ‘ना’ सर्वांत आधी मागतो. अनामिका ढासळली की तो खांदा उचलून, कोपरातून झोडून आवाज काढायचा प्रयत्न करणार. आवाज निघेलही. आणि जो निकास, म्हणजे बोल काढायची पद्धत, तुम्ही वर्षानुवर्षं घोटून घेतलात, त्याच्या जागी एक चुकीची सवय बसेल. बळ परत आल्यावर ती काढायला त्याहून जास्त मेहनत लागते.

दुसरं, दमणूक. जीबीएसनंतरचा थकवा हा आपल्या नेहमीच्या थकव्यासारखा नसतो. निम्म्याहून जास्त रुग्णांना तो महिनोन्‌महिने, काहींना वर्षानुवर्षं राहतो, आणि ताकद परतल्यावरही राहू शकतो. ज्या थोड्या तंतूंनी स्नायू पुन्हा धरला आहे त्यांच्यावर सगळा भार पडतो. ते दमले की बोट दिवसभरासाठी गळतं, आणि दमवणं चालूच राहिलं तर आलेली ताकद मागे जाते. दहा मिनिटांत बोटं थरथरली, ती ही खूण होती. मुलगा आळशी झालाय किंवा मनातून खचलाय म्हणून हात उचलत नाही, असं कुणी म्हणालं तर त्याला तिथंच थांबवा.

मग शिकवायचं काय? पुष्कळ आहे, आणि मला वाटतं इथं तुमच्याइतकी मदत कुठलाही दवाखाना करू शकणार नाही.

पढंत, म्हणजे बोल तोंडानं म्हणणं. रोज, पूर्ण, तालात. पेशकार, कायदे, त्यांचे पलटे, चक्रदार, सगळ्या रचना तोंडानं. व्हेंटिलेटरवरून आलेल्या मुलाच्या छातीलाही तो उत्तम व्यायाम आहे. एका दमात किती आवर्तनं होतात ते वहीत लिहून ठेवायला सांगा, तो आकडा वाढताना दिसला की त्याला स्वतःलाच धीर येईल. या आजारात चेहऱ्याचे स्नायूही अनेकदा ढिले पडतात, बोल अस्पष्ट येत असतील तर लय उतरवा. पढंत करताना डोळे मिटून, आपण वाजवतोय, बोटं कुठं पडतायत, हे मनात पाहायला सांगा. नुसती हालचाल मनात आणली तरी मेंदूतले हालचालींचे भाग जागे होतात. त्याच्या मेंदूतला तबला शाबूत आहे, खाली संदेश जायची वाट तेवढी अडली आहे. ती उघडेपर्यंत वरचं सगळं ताजं राहिलं पाहिजे.

मात्रा पेरांवर मोजायला लावा. तर्जनीपासून सुरुवात करून एका बोटावर चार मात्रा, म्हणजे चार बोटांवर त्रितालाचं एक आवर्तन. अंगठा प्रत्येक पेरावर आणि टोकावर नीट टेकला पाहिजे. आपण लहानपणापासून हे करतो, पण फिजिओथेरपीत अंगठा समोर आणण्याचा व्यायाम म्हणून मी हेच देते. तर्जनी आणि मधलं बोट त्याला सोपं जाईल. खालीला, म्हणजे नवव्या मात्रेपासून, अनामिकेवर अंगठा अडखळेल, आणि करंगळीच्या तळाशी तो महिनाभर पोहोचणारही नाही. हरकत नाही. विलंबित लयीत, दोन-तीन आवर्तनं, मग विश्रांती.

प्रत्यक्ष वाद्यावर कधी? माझा नियम असा: चारही बोटं टेबलावर हात ठेवून एकेक करून सरळ वर उचलता आली, दहा वेळा, आणि दहाव्या वेळीही पहिल्याइतकी, तर वाद्याला हात लावायचा. त्याची परीक्षा त्याचा फिजिओथेरपिस्ट घेईल. आणि तेव्हाही सुरुवात डग्ग्यापासून. आधी ‘क’, कारण तो पंज्यानं आणि मनगटानं निघतो. मग मनगट टेकवून मोकळा ‘गे’, घसीट, म्हणजे मनगट पुडीवर घासत नेणं, अजिबात नको. तबल्यावर पहिला बोल ‘तूं’ घ्या. त्यात तर्जनी एकटीच काम करते, अनामिकेला कुठं टेकायचं नसतं. ‘ना’ नंतर. ‘तेटे’ बसवताना ‘ते’ एका बोटानं घ्यायचा की तिन्ही बोटं एकत्र, हे तुमच्या घराण्याप्रमाणे तुम्ही ठरवाल, पण काही महिने तिन्ही बोटांनी घेतला तर कमजोर अनामिकेला शेजाऱ्यांचा आधार मिळतो. तिरकिट फार पुढे. एक मात्र लक्षात ठेवा, ‘धिरधिर’ त्याला लवकर जमल्यासारखं वाटेल, कारण ते पंज्याच्या आणि मनगटाच्या फिरकीवर चालतं. तिथं तो खूश होऊन वेग वाढवेल. तिथंच रोखायचं.

पहिले काही आठवडे एका बैठकीला पाच मिनिटं, दिवसातून दोनदा, मध्ये किमान तीन-चार तासांचं अंतर. मिनिटाला साठच्या आसपास मात्रा, लेहऱ्यावर, म्हणजे तालाची धून चालू ठेवून. आवाज मऊ पडायला लागला की थांबायचं, थरथरेपर्यंत न्यायचंच नाही. आणि कसोटी दुसऱ्या दिवशी सकाळी: बटण लावायला, टूथपेस्ट दाबायला हात कालच्याइतका चालतो का? चालत असेल तर आठवड्याला एक-दोन मिनिटं वाढवा. कमी चालत असेल तर वेळ निम्म्यावर आणा. आठवड्यातून एकदा मोबाइलवर समोरून आणि बाजूनं त्याचा व्हिडिओ घ्या. खांदा कानाकडे चढतोय का, मनगट आत दुमडतंय का, हे वाजवताना त्याला कळणार नाही, पण तुम्हाला दोन आवर्तनांत दिसेल.

बसण्याबद्दल आग्रहानं सांगते, कारण हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. त्याला मांडी घालून बसवू नका. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, खालच्या हाडाच्या डोक्याजवळून एक मज्जातंतू अगदी कातडीखालून जातो, पाऊल वर उचलणारा. मांडी घातली की तो दाबला जातो. निरोगी माणसाच्या पायाला मुंग्या येऊन जातात. आधीच इजा झालेल्या तंतूला तेवढा दाबही महागात पडतो, आणि चालताना पाऊल घासायला लागतं. त्याला खुर्चीवर बसवा, तबला-डग्गा समोर चुंबळीसकट घट्ट स्टुलावर ठेवा, कोपरं साधारण काटकोनात येतील अशा उंचीवर. ऐकायला बसतानाही खुर्चीच. कोपर टेबलावर टेकवून हनुवटीखाली हात घेऊन बसायची सवय असेल तर तीही सोडायला सांगा, करंगळी-अनामिकेचा तंतू कोपराच्या आतल्या बाजूनं जातो. क्लासमध्ये मांडी न घालता बसणं म्हणजे वाद्याचा अनादर, असं त्याच्या मनात असेल. तो संकोच फक्त तुम्हीच काढू शकता.

वाद्य त्याच्यासाठी सैल लावा. मोठ्या तोंडाचा, खालच्या स्वराचा तबला घ्या, टिपेची ताणलेली पुडी या बोटांना नको. हातोडी, डग्गा उचलणं, पिशवी खांद्याला लावून गाडीवरून येणं, हे सगळं सध्या दुसऱ्या कुणाकडे द्या.

बोटांना बधिरपणा असेल तर प्रत्येक बैठकीनंतर टोकं डोळ्यांनी बघायची: लाल झालीत का, कातडी सोलली आहे का. त्याला दुखणार नाही, म्हणून बघायचं. आता आपल्याकडे थंडी येईल. निफाडचा पारा एक आकड्यावर उतरतो तेव्हा नाशिकमध्येही सकाळी बोटं आखडतात, आणि गारठ्यात मज्जातंतूंतून संदेश आणखी हळू जातो. बैठका सकाळच्या गारठ्यात ठेवू नका, हातमोजे घालून आणा. शेगडीवर किंवा गरम पाण्याच्या पिशवीवर हात शेकणं मात्र पूर्ण बंद. बधिर बोटांना चटका बसलेला कळत नाही, आणि भाजलेली बोटं घेऊन आलेली माणसं मी पाहिली आहेत. घरचे हलक्या हातानं कोमट तेल लावत असतील तर लावू द्या, पण तेलाचा कोमटपणा आईनं स्वतःच्या हातावर बघायचा. ‘नसा मोकळ्या करणाऱ्या’ पुड्या नकोत. त्यांत काय असतं ते कळत नाही, कधी कधी स्टेरॉइड असतं, आणि जीबीएसमध्ये स्टेरॉइडचा उपयोग होत नाही.

त्याच्या मनाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण ‘इतरांचे हात बघत राहतो’ हे तुम्ही लिहिलंत. अतिदक्षता विभागात हा मुलगा पूर्ण शुद्धीत होता आणि बोट हलवू शकत नव्हता, बोलू शकत नव्हता. तिथं अनेकांना भलते भास होतात, भयंकर स्वप्नं पडतात, आणि घरी आल्यावर ते कुणाला सांगत नाहीत, वेडा म्हणतील म्हणून. एकदा त्याला बाजूला घेऊन विचारा, तिथं काय काय दिसायचं रे? बोलला तर फक्त ऐका. झोप लागत नसेल, जेवण सुटलं असेल, ‘आता काय उपयोग’ असं बोलत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यायला घरच्यांना सांगा. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक आहे, तिथं मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत. आणि त्याला क्लासमध्ये काम द्या. लहान मुलांची पढंत त्यानं घ्यावी, त्यांचा ताल धरून द्यावा, चूक पकडावी. नुसता बघत बसणारा आणि शिकवणारा, यांत त्या वयात फार फरक पडतो. दिवाळीच्या पाडव्याला पिंपळपारावरच्या पाडवा पहाटेच्या मैफलीला त्याला घेऊन जा, खुर्चीवर, शाल गुंडाळून, आणि साथ कशी चालली आहे यावर येताना त्याच्याशी बोला. यंदा तो साथीला नाही याचं दुःख त्याला होईल, ते टाळता येणार नाही. पण घरी एकटा बसून होण्यापेक्षा तुमच्या शेजारी होऊ दे.

काही गोष्टी दिसल्या तर क्लास तिथंच थांबवून डॉक्टरांना फोन करायचा: आलेली ताकद पुन्हा जाऊ लागली, गिळताना ठसका लागतोय, धाप लागतेय, उभं राहिल्यावर चक्कर येतेय किंवा छातीत धडधडतंय. जीबीएस पुन्हा होणं दुर्मीळ आहे. पण दोन महिन्यांनंतरही उतार चालू असेल तर तो सीआयडीपी नावाचा वेगळा, रेंगाळणारा आजार असू शकतो. त्याचे उपचार वेगळे आहेत आणि ते वेळेत सुरू झाले तर त्यांचा चांगला उपयोग होतो. तुम्ही त्याचा हात रोज बघता, म्हणून हा उतार डॉक्टरांच्या आधी तुमच्या लक्षात येण्याची शक्यता आहे.

राहिला फॉर्म. नोव्हेंबर-डिसेंबरच्या सत्राचा भरू नका. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा वर्षातून दोनदा होतात, एप्रिल-मेचं सत्रही आहे, आणि त्याचाही निर्णय आत्ता घेऊ नका, कारण तारीख ठरली की तो चोरून वाजवणार. लेखीचा अभ्यास मात्र आजपासून सुरू करा: घराणी, बाज, ताललिपी. पेन धरवत नसेल तर तोंडी उत्तरं रेकॉर्ड करू द्या, पुढे बोटं चालली की तीच तो लिपीत लिहील, आणि ते लिहिणं हाही बोटांचा व्यायामच आहे. जानेवारीत नर्व्ह कंडक्शन पुन्हा झाल्यावर त्याच्या फिजिओथेरपिस्टना एकदा क्लासमध्ये बोलवा. दवाखान्यात पकड मोजून त्यांना जे कळत नाही ते त्याला वाजवताना पाहिलं की कळेल, आणि फॉर्मचं तुम्ही दोघं मिळून ठरवा.